ऑनलाइन बाजार आणि बनावट माल

पेढीवर घेतलेला दागिना सोनार कसास लावून दाखवितो. ऑनलाइन बाजारांत गिऱ्हाइकाच्या हातीं केवळ चित्र असतें. शिवाय विकणारा निराळा, आणि जागा देऊन दलाली घेणारा बाजारवाला निराळा. माल बनावट निघाल्यास जबाबदार कोण?

न्यूयॉर्कच्या टिफनी ह्या प्रसिद्ध जवाहिऱ्यांनीं ई-बे ह्या बाजारावर २००४ सालीं फिर्याद केली. आपल्या नांवानें तेथें विकले जाणारे चांदीचे दागिने त्यांनीं त्या वर्षीं स्वतःच विकत घेऊन तपासले, तों शेंकडा सुमारें ७३ बनावट निघाले! इतक्यावर बाजारवाला दोषी ठरलाच, असें कोणासही वाटेल. परंतु न्यायालयानें २००८ सालीं व वरिष्ठ न्यायालयानें २०१० सालीं व्यापारचिन्हाच्या भंगाबद्दल त्यास जबाबदार धरलें नाहीं. बाजारांत कोठें तरी खोटा माल आहे एवढें मोघम ज्ञान पुरेसें नव्हे. अमुक नग खोटा हें कळूनही तो विकूं दिला, तरच दोष लागतो, असा अभिप्राय पडला. ई-बे तर तक्रार येतांच बहुधा चोवीस तासांच्या आंत माल काढून टाकीत असे. निकाल कायद्यास धरून असेल; पण पहाऱ्याचें ओझें चोरी झालेल्याच्याच माथीं पडलें, हें आम्हांस खटकतें.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ह्याचें ७९ वें कलम मध्यस्थास संरक्षण देतें, परंतु सशर्त. ख्रिश्चन लूबुताँ ह्या फ्रेंच पादत्राणांच्या खटल्यांत दिल्ली उच्च न्यायालयानें २०१८ सालीं ठरविलें कीं, जो अस्सलपणाची हमी देतो व विक्रींत स्वतः भाग घेतो, त्यानें निव्वळ मध्यस्थ म्हणून हात झटकूं नयेत. खुद्द बनावट माल विकणारास तर १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यान्वयें तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते.

खोट्या पिशवीनें पैसेच जातात. खोटें औषध किंवा विजेचें खोटें उपकरण जीवावर बेततें. म्हणून २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचा उपयोग पालकांनीं अवश्य करावा. विक्रेत्याचें नांव व पत्ता दाखविणें बाजारवाल्यास भाग आहे. तो आधीं वाचावा. बिल व वेष्टन जपून ठेवावें. तक्रारीची पोंच ४८ तासांत व निवारण महिन्याभरांत झालें पाहिजे. तेथें दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा दूरध्वनि क्रमांक १९१५ हा आहे.