गिटारीची सोबत

उद्योगानें मनुष्याचें पोट भरतें. परंतु फुरसतीचा वेळ तो कसा घालवितो यावरून त्याचें मन कसें घडत आहे हें कळतें. शाळेंत आम्ही गणित, भाषा व इतिहास शिकवितों. फुरसत कशी घालवावी हें मात्र बहुधा कोणी शिकवीत नाहीं. म्हणून यंदाच्या अंकांत एका छंदाविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे. तो छंद म्हणजे गिटार बाळगण्याचा व वाजविण्याचा.

दर वर्षीं शाळा सुरू झाली कीं कांहीं विद्यार्थी येऊन विचारतात, “सर, गिटार घ्यावी काय?” आणि त्यांच्या मागोमाग पालक येऊन विचारतात, “मास्तर, यानें अभ्यास तर बुडणार नाहीं ना?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचें उत्तर देण्यापूर्वीं हें वाद्य आहे तरी कसें, तें पाहूं.

गिटार हें वाद्य स्पेन देशांत वाढलें. त्याचें आजचें रूप ठरविण्याचें श्रेय मुख्यतः आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या कारागिराकडे जातें. हा आल्मेरिया प्रांताचा रहिवासी, मूळ धंद्यानें सुतार. त्यानें वाद्याचें पोट मोठें केलें, वरची फळी पातळ व हलकी ठेवली, आणि तिला बळकटी यावी म्हणून आंतल्या बाजूस पंख्याच्या काड्यांप्रमाणें पसरलेल्या लांकडी पट्ट्या बसविण्याची पद्धत पूर्णत्वास नेली. वाद्याचा नाद या वरच्या फळीवरच मुख्यतः अवलंबून असतो, असें त्याचें मत होतें. तें पटवून देण्यासाठीं १८६२ सालीं त्यानें एक गिटार अशी केली कीं, तिची पाठ व बाजू चक्क पुठ्ठ्याच्या होत्या! ती बार्सिलोना येथील संगीत-संग्रहालयांत जपून ठेविली आहे. नुसतें मत मांडून न थांबतां तें प्रयोगानें सिद्ध करावें, हा धडा विद्यार्थ्यांनीं या सुताराकडून अवश्य घ्यावा.

गिटारीस सहा तारा असतात; सर्वांत बारीक ती पहिली व सर्वांत जाड ती सहावी. आपल्या संगीताच्या भाषेंत सांगावयाचें तर, सहाव्या तारेचा सूर षड्ज मानल्यास पांचवी तार त्याच्या मध्यमांत लावतात. मग पांचव्या तारेचा सूर षड्ज मानावा, म्हणजे चौथी तार तिच्या मध्यमांत येते. सर्व तारांची रचना अशीच आहे. केवळ तिसरी व दुसरी या एका जोडींत मध्यमाऐवजीं शुद्ध गंधाराचें अंतर ठेवतात. त्यामुळें पहिली व सहावी या दोन तारा एकाच नांवाच्या सुरांत, दोन सप्तकांच्या अंतरानें, लागतात. आणि डाव्या हाताच्या बोटांस निरनिराळ्या तारांवरील तीन-चार सूर एकाच वेळीं सहज दाबतां येतात. सुरावट आणि तिची साथ या दोन्ही गोष्टी एकाच मनुष्याच्या हातून निघाव्या, ही या वाद्याची विशेष सोय आहे. ज्यास सोबतीला तबलजी किंवा पेटीवाला मिळत नाहीं, त्यासहि तें एकट्यानें वाजवून संगीताचा पुरता आनंद देतें.

ज्यांस गणित रुक्ष वाटतें त्यांनीं एकदां मोजपट्टी घेऊन गिटारीपाशीं बसावें. स्पेनी पद्धतीच्या गिटारींत तारेची वाजती लांबी सामान्यतः ६५ सेंटिमीटर असते. या लांबीस १७.८१७ नें भागावें. उत्तर सुमारें ३.६५ येतें. तारेच्या माथ्यापासून इतक्या सेंटिमीटरांवर पहिला पडदा असतो. उरलेल्या ६१.३५ सेंटिमीटरांस पुन्हा त्याच संख्येनें भागावें, सुमारें ३.४४ येतात, पहिल्यापासून तितक्या अंतरावर दुसरा पडदा. असें बारा वेळां केलें म्हणजे आपण बरोबर मध्यावर, ३२.५ सेंटिमीटरांवर, येऊन पोहोंचतों, आणि तेथें मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकांत ऐकूं येतो. पुढें आणखी एक गंमत पाहावी. तारेच्या एकतृतीयांशावर, म्हणजे २१.६७ सेंटिमीटरांवर, बोट हलकेंच टेकवून तार छेडली असतां वरच्या सप्तकांतील पंचम घुमतो. सातवा पडदा मात्र २१.६२ सेंटिमीटरांवर आहे. हा जो अर्ध्या मिलिमीटराचा फरक, ती कारागिराची चूक नव्हे. सप्तकाचे बारा समान भाग पाडण्यासाठीं दिलेली ती किंमत आहे. वर्गांत फळ्यावर पाहिलेली भूमितिश्रेढी येथें कानांनीं ऐकतां येते.

आतां छंदाकडे वळूं. ज्याचा धंदा संगीत नव्हे अशा मनुष्यास या वाद्यानें काय दिलें, याचें एक उदाहरण आमच्या सर्व वाचकांस जवळचें वाटेल. १८१८ सालच्या नाताळची पूर्वसंध्या. ऑस्ट्रिया देशांत साल्झबुर्ग शहराजवळ ओबर्नडॉर्फ नांवाचें नदीकांठचें लहान गांव आहे. तेथील देवळांत योसेफ मोर हा तरुण सहायक धर्मोपदेशक होता. गरिबींत वाढलेल्या या तरुणास गिटार वाजविण्याचा छंद होता. दोन वर्षांपूर्वीं त्यानें एक गीत रचून ठेविलें होतें. तें घेऊन तो शेजारच्या गांवचे शाळामास्तर फ्रान्त्स क्साव्हर ग्रूबर यांच्याकडे गेला, आणि दोन आवाज व गिटार यांस शोभेल अशी चाल त्यानें मागितली. ग्रूबर यांनीं त्याच दिवशीं चाल बांधली, आणि रात्रीं देवळांत दोघांनीं तें गीत गाइलें. साथीस मोरच्या हातांतील गिटार होती. तेंच आज जगभर गाइलें जाणारें ‘सायलेंट नाइट’ हें गीत होय. देवळाचा ऑर्गन बिघडला म्हणून गिटार घेतली, अशी कथा मागाहून पसरली. परंतु ग्रूबर यांनीं १८५४ सालीं स्वतः लिहिलेल्या हकीकतींत तिचा उल्लेख नाहीं. मोर १८४८ सालीं निर्धन स्थितींत वारला. आपली मिळकत तो गोरगरिबांसाठीं व मुलांच्या शिक्षणासाठीं खर्च करीत असे. त्याची गिटार हालाइन गांवच्या संग्रहालयांत आजहि आहे. मोर कांहीं मोठा वादक नव्हता. परंतु फुरसतीच्या वेळीं जें शिकून ठेविलें होतें तें हव्या त्या घटकेस त्याच्या कामीं आलें.

दुसरें उदाहरण थोर वादकाचें. स्पेनमधील आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) हा बहुतांशीं स्वतःच शिकला, आणि मोठ्या सभागृहांत एकट्या गिटारीस मानाचें स्थान त्यानें मिळवून दिलें. ९० वर्षांचें वय उलटल्यावरहि तो जाहीर कार्यक्रम करीत असे. आम्हांस त्याची जी गोष्ट विशेष वाटते ती ही कीं, १९१२ सालीं घडविलेली एकच गिटार त्यानें सुमारें २५ वर्षें आपलें मुख्य वाद्य म्हणून वापरली. पुढें १९३७ सालीं बनलेली दुसरी घेतली, तीहि तितकींच वर्षें. ज्यास हवी ती गिटार मिळाली असती तो मनुष्य एकीशीं इतका काळ एकनिष्ठ राहिला. आजकाल कांहीं तरुण एक वाद्य नीट येण्यापूर्वींच दुसरें पाहूं लागतात. सुंदर वस्तूंची हौस असावी, तींत पाप नाहीं. परंतु विकत घेतल्यानें वाद्य घरांत येतें, आपलें होत नाहीं. तें आपलें होण्यास दिवस जावे लागतात.

हें आम्ही पुस्तकांतून शिकलों नाहीं. आम्ही इंग्रजी शाळेंत असतांना आमच्या वडिलांनीं एक जुनी, पोलादी तारांची गिटार तीन महिन्यांच्या हप्त्यांनीं घेऊन दिली होती. त्यांचा पगार लहान होता. अट एकच होती : रोज वाजवावी. कांहीं वर्षें आम्हीं ती अट पाळली. पुढें नोकरी लागली, दुसऱ्या गांवीं बिऱ्हाड झालें, आणि गिटार वडिलांच्या घरीं खुंटीवर राहिली. सुटींत घरीं गेलों म्हणजे तिच्याकडे पाहत असूं, इतकेंच. अशीं अकरा वर्षें गेलीं. वडील वारल्यावर घर आवरतांना आम्हीं ती खालीं काढली. तारा गंजल्या होत्या. त्या ताणलेल्याच राहिल्यामुळें आणि पावसाळ्यांच्या दमटपणामुळें घोडी फळीपासून सुटूं लागली होती. परंतु गिटारीवर धूळ नव्हती. आईस विचारलें, तेव्हां ती म्हणाली, “दर रविवारीं ते पुसून ठेवीत. म्हणत, त्याला केव्हांतरी लागेल.”

त्यांनीं आम्हांस त्याविषयीं कधीं एक शब्द विचारला नव्हता. आम्हीं ती गिटार दुरुस्त करविली आणि पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ केला. बोटें सारें विसरलीं होतीं. पहिला आठवडा तीं मुलाच्या बोटांसारखीं दुखलीं. कान मात्र विसरला नव्हता. तेव्हांपासून आजवर ती आमच्याजवळ आहे. आम्ही सामान्यच वाजवितों. परंतु दिवसभराचे वर्ग आटोपून सायंकाळीं ती मांडीवर घेतली म्हणजे जो आनंद होतो, तो पंधराव्या वर्षीं होत होता त्याहून कमी नाहीं. ज्यानें ती दिली, त्यास मात्र ती ऐकवितां आली नाहीं, एवढी खंत राहते. हें येथें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, आज ज्यांच्या घरीं ऐकणारीं माणसें आहेत त्यांनीं उद्यांवर टाकूं नये.

आतां नवशिक्यांस चार व्यवहाराच्या सूचना. पहिली गिटार महाग नसावी, परंतु वाजविण्यास सोपी असावी. तारा पडद्यांपासून फार उंच असल्यास बोटें विनाकारण दुखतात. घेतांना जाणत्या मनुष्यास बरोबर न्यावें. लहान मुलांसाठीं लहान आकाराची गिटार मिळते. आरंभीं नायलॉनच्या तारा बऱ्या. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं यांच्या जागीं आंतड्याच्या तारा असत. त्या लवकर तुटत व हवेबरोबर बेसूर होत. नायलॉनच्या सहा तारांचा ताण मिळून सुमारें ४० किलो, तर पोलादी तारांचा सुमारें ७० किलो असतो. म्हणून पुष्कळ दिवस वाजवावयाची नसल्यास तारा थोड्या सैल कराव्या. पावसाळ्यांत लांकूड फुगतें, उन्हाळ्यांत तें आकसतें व कधीं तडकतें. गिटार पेटींत ठेवावी. ओलसर भिंतीस टेकवूं नये, उन्हांतहि ठेवूं नये. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानें पुसाव्या. डाव्या हाताचीं नखें बारीक ठेवावीं.

सराव रोज वीस मिनिटें पुरे, परंतु रोज. रविवारीं तीन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाहीं. प्रथम सावकाश वाजवावें. सावकाश वाजविलेलें शुद्ध असेल तर वेग आपोआप येतो. पहिले दोन महिने बोटांच्या टोकांस वेदना होतात आणि सूर खरखरीत निघतो. बहुतेक मुलें याच काळांत वाद्य सोडतात. त्यांस आमचें सांगणें कीं, बोटांची कातडी निबर होईपर्यंत थांबा. त्यानंतर एके दिवशीं सहाहि तारा स्वच्छ बोलतील. तो दिवस तुमच्या लक्षांत राहील.

पालकांस आम्ही खोटें आश्वासन देत नाहीं. गिटार शिकल्यानें गुण वाढतील असें आम्ही म्हणत नाहीं. आणि वेळेचें बंधन नसेल तर कोणत्याहि छंदानें अभ्यास बुडतो. वेळ नेमून द्यावी, आणि ती झाली म्हणजे पुस्तक उघडलेंच पाहिजे असा दंडक ठेवावा. “हें परकीय वाद्य कशास?” असेंहि कोणी विचारतात. व्हायोलिन व पेटी याहि परदेशांतूनच आल्या, आणि आज त्यांवांचून आपली मैफल अडते. ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनीं तर गिटार आडवी ठेवून, तारेवरून दांडी सरकवून, हिंदुस्थानी राग मींडीसह वाजविले. शिवकुमार शर्मा यांचा संतूर व हरिप्रसाद चौरसिया यांची बांसरी यांसह त्यांची गिटार ज्यांत आहे, ती ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ सालची ध्वनिमुद्रिका घरांतील सर्वांनीं मिळून ऐकावी. वाद्य कोणत्या देशाचें हें त्यानंतर कोणी विचारणार नाहीं.

पालकांनीं आणखी एक करावें. मूल वाजवीत असतां दहा मिनिटें जवळ बसावें. चुकलें तरी टोकूं नये. मुलास शिक्षक पुष्कळ मिळतील, श्रोता घरींच मिळाला पाहिजे.

आणि विद्यार्थिमित्रहो, परीक्षा येतील व जातील. शाळा सुटेल, गांवहि सुटेल. तुमच्यापैकीं फार थोडे वादक म्हणून नांव मिळवितील. परंतु ज्यानें एक वाद्य मनापासून आपलें केलें आहे, त्यास म्हातारपणींहि संध्याकाळ रिकामी वाटणार नाहीं. तुमच्या घरीं एखादी गिटार खुंटीवर टांगलेली असेल, तर हा अंक मिटून ती आजच खालीं काढा, तारा सुरांत लावा, आणि घरांतील वडील मंडळींस हांक मारून एक तरी धून ऐकवा.