हिवतापाचा परजीवी आणि शरीराचा प्रतिकार

भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेथे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना ज्या रोगांशी झुंजावे लागले, त्यांत हिवताप प्रमुख होता.

अ‍ॅनॉफिलीस डासाची मादी चावली की हिवतापाचे परजीवी रक्तात शिरतात, यकृतात वाढतात व नंतर तांबड्या पेशी फोडतात. त्यामुळे थंडी वाजून ताप भरतो. फॅल्सिपेरम जातीच्या परजीवींमुळे मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्याही तुंबतात. शरीर प्रतिपिंडे तयार करते, प्लीहा बाधित पेशी गाळून काढते. परंतु परजीवी आपले बाह्यरूप पालटत राहतो. वारंवार लागण झालेल्या प्रौढांत काहीशी प्रतिकारशक्ती येते; लहान मुलांत ती नसते. म्हणून मुलाला ताप येताच विलंब न लावता रक्त तपासून घेणे अत्यावश्यक आहे.