पीएचपीतून जावास्क्रिप्ट छापताना

सोनू, पान चालतंय म्हणून खूश आहेस ना? राहा खूश. पण त्या पानात अजून खऱ्या माणसांची नावं यायची आहेत, तेव्हा एवढं ऐकून ठेव.

१. अवतरणचिन्हांपुढे हाताने बॅकस्लॅश चिकटवू नकोस — वसईच्या डि'मेलोंचं नाव आलं की त्यातल्या चिन्हापुढे तुझा बॅकस्लॅश नसतो, आणि एकेरी अवतरणातली ओळ तिथेच तुटते. हातचं ठिगळ पहिल्या पाहुण्यापुढेच उसवतं.

२. ॲडस्लॅशेसवरही विसंबू नकोस — ते अवतरणं सांभाळतं, पण नवी ओळ तशीच सोडतं. कुणी पत्ता दोन ओळींत लिहिला की जावास्क्रिप्ट अडून बसते.

३. सरळ जेसन-एन्कोड वापर, ते पीएचपी ५.२ पासून आहे — आकडा, मजकूर, ॲरे, सगळं जावास्क्रिप्टला कळेल असं लिहून देतं. मजकुराभोवती अवतरणंही तेच घालतं. तू वरून आणखी घालशील, मला ठाऊक आहे, तर घालू नकोस.

४. स्क्रिप्ट टॅगच्या आत छापताना जेसन-हेक्स-टॅग हा पर्याय जोडच — पान आधी एचटीएमएल म्हणून वाचलं जातं, आणि त्या वाचकाला तुझी अवतरणं कळत नाहीत. कुणाच्या अभिप्रायात स्क्रिप्टचा बंद टॅग दिसला की तो तुझा कोड तिथेच संपवतो, आणि पुढचा मजकूर पानावर सांडतो किंवा परक्याचा कोड चालू होतो. जेसन-एन्कोड एरवी स्लॅशपुढे बॅकस्लॅश घालून हे टाळतं. पण तुम्ही मुलं 'जरा नीटनेटकं दिसावं' म्हणून तेच बंद करता! शिवाय कोनी कंस तसेच राहिले, तर एचटीएमएलच्या टिप्पणीची सुरुवातही घोळ घालू शकते.

५. ऑनक्लिकसारख्या ॲट्रिब्यूटमध्ये आधी जेसन-एन्कोड, मग एचटीएमएल-स्पेशल-चार्स, हाच क्रम — ब्राउझर आधी एचटीएमएलची गाठ सोडतो, मग आतलं जावास्क्रिप्टकडे देतो. शेवटची गाठ पहिली सुटते, बाळा.

६. स्क्रिप्ट टॅगच्या आत मात्र एचटीएमएल-स्पेशल-चार्स नको — तिथे ती गाठ कुणी सोडतच नाही.

७. 'श' ऐवजी बॅकस्लॅश, यू आणि ०९३६ दिसलं तर घाबरू नकोस — ब्राउझरला तो 'श'च आहे.

८. मजकूर यूटीएफ-८ आहे ना, बघ — नसला तर जेसन-एन्कोड 'फॉल्स' देतं, छापताना त्याचं काहीच उमटत नाही आणि बरोबरच्या चिन्हापुढे जागा रिकामी राहते. पीएचपी ७.३ पासून जेसन-थ्रो-ऑन-एरर आहे, ते लाव. चूक निदान बोलून दाखवते.

९. डेटाबेसात मजकूर मूळचा, कोरा ठेव — उद्या तोच ईमेलमध्ये लागेल, आणि तिथले नियम वेगळे.

आता चाचणीत नाव म्हणून एकेरी अवतरण, दुहेरी अवतरण, बॅकस्लॅश, मोडलेली ओळ आणि स्क्रिप्टचा बंद टॅग एकत्र टाकून बघ. पान शाबूत राहिलं की मग मला दाखवायला आण.