मोंगार्लोची निलगिरी

निलगिरी दुर्मीळ आहे असे कोणी म्हटले, तर आपल्याला हसूच येईल. सामाजिक वनीकरणात आपल्याकडे तिची लागवड ठिकठिकाणी झाली आणि सर्दीवरचे तिचे तेल तर घरोघरी असते. परंतु युकॅलिप्टस या प्रजातीत सातशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ सर्व ऑस्ट्रेलियातल्या. मी इतिहासाचा विद्यार्थी. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध वाचनापुरताच. तरीही त्यांतल्या एका जातीची हकीकत येथे सांगावीशी वाटते.

न्यू साउथ वेल्स राज्यात मोंगार्लो नावाचे लहानसे गाव आहे. त्या परिसरात ही जात १९८५ मध्ये प्रथम आढळली. १९८८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ क्रिस्प यांनी तिचे 'युकॅलिप्टस रिकर्व्हा' असे नामकरण केले. पाने मागे वळलेली, म्हणून रिकर्व्हा. तिला वृक्ष म्हणणेही जरा धाडसाचेच. जमिनीतून अनेक खोडे फुटलेले ते एक झुडूप आहे. निसर्गात अशी जेमतेम सहा झुडपे माहीत आहेत.

जमिनीखाली तिचा लाकडी गड्डा असतो. वरच्या फांद्या वणव्यात जळाल्या, तरी त्यातून पुन्हा कोंब फुटतात. या गड्ड्याच्या बळावर एकेक झुडूप काही हजार वर्षे जगले असावे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे आमच्या अभ्यासक्रमातली कित्येक साम्राज्ये तिने उभ्या उभ्या पाहिली!

मग घोडे अडले कोठे? स्वतःच्या परागाने तिला बी धरत नाही आणि दुसरे झुडूप कित्येक किलोमीटर दूर. तेथवर कीटक पराग नेणार कसे? शेजारच्या दुसऱ्या जातीचा पराग लाभला, तर होणारे रोप संकराचे. कलमे करावीत, तर कलम म्हणजे तेच झाड दुसऱ्या जागी; हापूसची कलमे लावणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. कुऱ्हाड न चालवताही वंश खुंटू शकतो, ही गोष्ट मला फार चटका लावून गेली.

म्हणून संशोधकांनी हाताने परागण करण्याचा मार्ग धरला. युकॅलिप्टस या ग्रीक नावाचा अर्थच 'नीट झाकलेले'. कळीवरचे टोपण काढायचे, पुंकेसर खुडायचे, फुलाला पिशवी बांधायची आणि काही दिवसांनी कुक्षी तयार झाली की दूरच्या झुडपाचा पराग तिला लावायचा. काम नाजूक आणि वेळखाऊ. त्यात जोडीला झुडपे मोजून सहा, आणि दोन्हीकडचा फुलोरा साधायला हवा.