विध्यर्थाचे बळ : इंटरनेटची मानके आणि खासगीपणा

'अर्ज तलाठ्याकडे सादर करावा' आणि 'यंदा ऊस वेळेवर तुटावा' या दोन्ही वाक्यांत क्रियापदाचे रूप एकाच जातीचे, म्हणजे वाख्यात आहे. पहिल्यात आज्ञा आहे, दुसऱ्यात इच्छा. हा भेद आपल्याला संदर्भावरून कळतो. परंतु काही लेखनात संदर्भावर विसंबून चालत नाही. इंटरनेटची तांत्रिक मानके हा त्याचा उत्तम नमुना होय.

समजा, लोणी देवकर येथील एक विद्यार्थिनी रात्री मोबाइलवर एखाद्या आजाराविषयीचे संकेतस्थळ उघडते. तिचा मोबाइल प्रथम त्या संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता विचारतो. या विचारणेची रीत, म्हणजेच डीएनएस, १९८७ च्या मानकांनी रूढ झाली. तीत गुप्ततेची तरतूद नव्हती. विचारलेले नाव पोस्टकार्डावरील मजकुरासारखे उघडे जाई. तिने घरात चकार शब्द काढला नसला, तरी वाटेवरच्या यंत्रणेला ते नाव वाचता येते.

ही मानके इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स ही संस्था प्रसिद्ध करते. १९९७ च्या आरएफसी २११९ या दस्तऐवजाने मानकांतील क्रियापदांचे बळ निश्चित केले. 'मस्ट' म्हणजे केलेच पाहिजे. 'शुड' म्हणजे सबळ कारण नसेल तर करावे. 'मे' म्हणजे केले तरी चालेल. येथे मराठी अनुवादकाची अडचण होते. शासकीय पत्रातील 'करावे' हा सरळ आदेश असतो, तर 'शुड'मध्ये पळवाट राखलेली असते. मे २०१७ मध्ये आणखी एक खुलासा झाला : हे शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत असतील तरच त्यांना हा विशेष अर्थ. देवनागरीत मोठी अक्षरे नाहीत. पण आपल्याजवळ 'च' आहे, आणि तो बराच भार पेलतो.

आता खासगीपणाकडे वळू. मे २०१४ मधील आरएफसी ७२५८ ने सर्वव्यापी पाळत हा तांत्रिक हल्लाच मानला आणि मानकांची रचना करताना, शक्य असेल तेथे, तो सौम्य करावा असे म्हटले. 'शक्य असेल तेथे' हे शब्द पुन्हा वाचा. २०१६ मध्ये डीएनएसची विचारणा कूटबद्ध करण्याचे मानक आले, परंतु जुनी उघडी रीत निषिद्ध झाली नाही. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून मिळणारी 'प्रायव्हेट डीएनएस' ही सोय 'ऑटोमॅटिक'वर असेल, तर समोरची यंत्रणा तयार असल्यासच कूटबद्धता होते, एरवी पोस्टकार्डच. शिवाय ज्या यंत्रणेला विचारले, तिला नाव कळतेच. याउलट २०२१ च्या 'क्विक' या मानकात कूटबद्धता रचनेतच आहे. ती वगळण्याची मुभा नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मात्र हक्काचा भंग झाल्यावर न्यायालयात जाण्यासाठी भंग झाल्याचे आधी कळावे लागते, आणि वाटेत वाचल्या गेलेल्या नावाचा मागमूस त्या विद्यार्थिनीला लागत नाही. म्हणून मला मानकातील क्रियापद अधिक निकडीचे वाटते.

स्वाध्याय : 'सेवा पुरवणाऱ्याने ग्राहकाने विचारलेली नावे साठवून ठेवू नयेत.' हे वाक्य सक्ती, शिफारस आणि मुभा अशा तीन बळांत लिहा. प्रत्येक वेळी त्या विद्यार्थिनीच्या वाट्याला काय येते, ते दोन-तीन वाक्यांत स्पष्ट करा.