आधी पदक की आधी पगार?

पहाटे पाचला हॉस्टेलच्या मागच्या रस्त्यावर उभे राहिलात तर दोन प्रकारची मुले दिसतात. एक म्हणजे आपण, रात्रभर शीट काढून लाल डोळ्यांनी चहाच्या टपरीकडे निघालेले. दुसरी ती पळणारी. आसपासच्या खेड्यांतून येऊन शहरात चौघांत एक खोली घेऊन राहिलेली, भरतीची तयारी करणारी पोरे. जळगावला मेहरूण तलावाकडे जा किंवा धुळ्याच्या कुठल्याही मैदानावर, चित्र तेच. धुळ्यात तर राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ६ आहे आणि पोलीस प्रशिक्षणाची संस्थाही आहे, त्यामुळे खाकी वर्दी रोज डोळ्यांसमोरून जाते.

आमच्या विंगमधला एक जण मात्र दोन्हीकडे आहे. रात्री शीट काढतो आणि पहाटे पळतो. जिल्ह्याला पाच हजार मीटरमध्ये नंबर काढलेला गडी. सेकंड इयरला त्याला विचारले, "काय रे, पुढे राज्य, नॅशनल वगैरे?" तो म्हणाला, "भो, आधी पगार. पदकाचं नंतर बघू." तेव्हा मला वाटले, काय हा छोटा विचार! मग जरा वाचायला लागलो, माहिती जमवली, आणि आता वाटते की आपल्याकडचे खेळाडू वर कसे जातात याचा निम्मा अभ्यास त्याने एका वाक्यात सांगून टाकला होता.

सुरुवात आपल्या घरापासून करू. चाळीसगाव तालुक्यातील सायगावचे विजय चौधरी. महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा १९६१ पासून होते. त्यात मातीवरचा आणि गादीवरचा असे दोन गट असतात आणि दोन्ही गटांचे विजेते शेवटी समोरासमोर येतात. जिंकेल त्याला चांदीची गदा. ही गदा बहुतेक वेळा कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर या पट्ट्यातच फिरत राहिली, कारण तालमी तिकडे, वस्ताद तिकडे, कुस्तीला पैसा लावणारी माणसेही तिकडेच. आपल्या खान्देशात जत्रेतल्या दंगली होतात, पोरे रेवड्यांवरच्या कुस्त्या खेळतात, पण पुढचा जिना नसतो. अशा भागातून आलेल्या विजय चौधरींनी २०१४ ची गदा अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर), २०१५ ची नागपूरला आणि २०१६ ची पुण्याजवळ वारज्याला जिंकली. सलग तीन! त्यांच्या आधी असे फक्त नरसिंग यादव यांनी केले होते, २०११ ते २०१३. वारज्याच्या अंतिम कुस्तीत चौधरींनी हरवले ते अभिजित कटके यांना, आणि हेच कटके पुढच्या वर्षी, २०१७ ला, स्वतः महाराष्ट्र केसरी झाले. म्हणजे समोरचा माणूस काय ताकदीचा होता ते कळेल. आमच्या मेसमध्ये आजही विषय निघाला की चाळीसगावकडची पोरे ताट बाजूला सारून ओरडतात, "आमना चाळीसगावनी गदा शे ती!"

तिसऱ्या गदेनंतर राज्य शासनाने त्यांना पोलीस उपअधीक्षक म्हणून थेट नेमणूक दिली. नोकरी लागली म्हणून त्यांनी लंगोट खुंटीला टांगला नाही. २०२३ साली कॅनडातील विनिपेगला जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडा स्पर्धा झाली, तिथे १२५ किलो गटात त्यांनी सुवर्णपदक घेतले.

आता आपण इंजिनीअर लोक, तेव्हा टाळ्या वाजवून झाल्यावर हिशोब करू. नोकरी आली ती तिसऱ्या गदेनंतर. मग त्याआधीची वर्षे कोणी ओढली? पैलवान घडायला किमान आठ-दहा वर्षे लागतात आणि त्या काळात कमाई जवळजवळ शून्य. खुराक मात्र रोज. धरा की एक जण दिवसाला तीन लिटर दूध पितो, साठ रुपये लिटरने महिन्याला ५,४०० रुपये. शंभर ग्रॅम बदाम, आठशे रुपये किलोने, महिन्याला २,४००. शंभर ग्रॅम तूप, सहाशे रुपये किलोने, महिन्याला १,८००. झाले ९,६०० रुपये. यात पोळ्या, अंडी, मटण, फळे, खोलीभाडे, प्रवास, डॉक्टर काहीच धरलेले नाही. वर्षाला १,१५,२००, आठ वर्षांना ९,२१,६००. म्हणजे नुसत्या दूध-तूप-बदामात आपल्यापैकी कित्येकांची डिग्री निघाली! घरी म्हशी असतील तर दुधाचे बिल दिसत नाही, पण ते दूध डेअरीला गेले नाही हे घरातल्या बाईला बरोबर माहीत असते. कोरडवाहू कपाशीवर हा खर्च उचलायचा, तोही गदा मिळेल याची शून्य खात्री असताना.

कारण गदा वर्षाला एकच असते. तालमीत घाम गाळणारे शेकडो. ज्यांना ती मिळत नाही त्यांच्यावर कोणी अग्रलेख लिहीत नाही. तिशीला आलेला, कान मोडलेला, गुडघा गेलेला पैलवान एखाद्या जिमच्या दारात किंवा सिक्युरिटीच्या गणवेशात आपणही पाहिलेला असतो. त्याची मेहनत चौधरींपेक्षा कमी होती असे छातीठोकपणे कोण म्हणेल? म्हणून "कष्ट केले की यश मिळते" हे भिंतीवरचे वाक्य मला अर्धवट वाटते. कष्ट करता यावेत यासाठीच आधी कोणाला तरी पैसे मोजावे लागतात.

खाशाबा जाधवांची गोष्ट हीच. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, १९५२, हेलसिंकी, कुस्तीत कांस्य. पण हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. (स्टाफरूममध्ये हा अंक वाचणाऱ्या सरांनी घाबरू नये, तेवढी अपेक्षा नाही!) पोलीस खात्यात खाशाबांना नोकरी लागली १९५५ मध्ये. पदक आधी, पगार नंतर.

आता उलट्या बाजूने आलेले दोन जण बघा.

अविनाश साबळे, बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातले मांडवा गाव. बारावीनंतर सैन्यात भरती, ५ महार रेजिमेंट. सियाचीनच्या बर्फात ड्यूटी केली, राजस्थानच्या वाळूत केली. सैन्यात गेले ते पळण्यासाठी नव्हे, घर चालावे म्हणून. २०१५ मध्ये सैन्यातल्या क्रॉसकंट्रीत उतरले आणि पुढे तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळले. या शर्यतीत २८ वेळा अडथळा ओलांडायचा आणि ७ वेळा पाण्यावरून उडी मारायची. पाय ओले, बूट जड आणि शर्यत सुरूच.

त्यांची वेळ मी वहीत मांडली, कारण यातच खरी शिकवण आहे. २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८ मिनिटे २९.८० सेकंद. गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा, म्हणजे ३७ वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०१९ ला दोहाच्या जागतिक स्पर्धेत ८:२१.३७. २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये ८:१८.१२. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० आणि रौप्यपदक. सुवर्ण घेणारा केनियाचा धावपटू फक्त ०.०५ सेकंदाने पुढे होता. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१, आणि त्याच वर्षी ऑलिंपिकची अंतिम फेरी, अकरावा क्रमांक.

ग्राफ काढा. पहिल्या वर्षात ८.४३ सेकंद कमी झाले. २०२२ ते २०२४ या दोन वर्षांत मिळून १.२९ सेकंद. सहा वर्षांची एकूण कमाई १९.८९ सेकंद, म्हणजे मूळ वेळेच्या चार टक्क्यांनाही किंचित कमी. एवढ्यासाठी माणूस रोज सकाळ-संध्याकाळ पळतो, उंचीवरच्या ठिकाणी जाऊन राहतो, घरच्यांना महिनोन्‌महिने भेटत नाही. सुरुवातीला कर्व्ह झपकन उतरतो, मग जवळजवळ आडवा होतो. आडव्या कर्व्हवर टिकून राहायचे तर महिन्याच्या एक तारखेला खात्यात काहीतरी पडलेच पाहिजे, नाहीतर घरचे म्हणणार, बस झाले आता. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्याशी पडून साबळेंच्या गुडघ्याचा लिगामेंट गेला, शस्त्रक्रिया करावी लागली. अशा वेळी नोकरी असलेला खेळाडू आणि नसलेला खेळाडू यांत किती अंतर पडते ते सांगायला नको.

दुसरे दत्तू भोकनळ, आपल्या शेजारच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे. विहिरी खोदणाऱ्या वडिलांचा मुलगा. २०१२ मध्ये सैन्यात भरती झाले तोवर वल्हे हातात धरलेले नव्हते, पाण्याची भीतीच होती. दुष्काळी गावात नाव कुठून येणार! पुण्याच्या लष्करी केंद्रात रोइंग शिकले आणि चार वर्षांत, २०१६ ला, रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये तेरावे आले. तेव्हा आई अपघातानंतर आजारी होती, बरेचदा मुलालाही ओळखत नव्हती. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्ण.

या दोघांना पगार आधी मिळाला, खेळ नंतर सापडला. तोटाही आहेच. दोघेही विशीनंतर त्या खेळात आले, जिथे बाहेरची पोरे लहानपणापासून असतात. आणि दुसरा तोटा मला मोठा वाटतो: सैन्यात गेलेला सापडला, पण भरतीत दोन सेकंदांनी किंवा एका सेंटिमीटरने राहिलेला गावाकडे गेला तो गेलाच. त्याच्यात काय होते हे कोणाला कधी कळणार नाही.

मधली वाटही आहे. कोल्हापूर जिल्ह्यातले नेमबाज स्वप्निल कुसाळे २००९ मध्ये शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेले, म्हणजे शाळकरी वयातच राहणे-खाणे-प्रशिक्षण मिळाले. २०१५ मध्ये मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी लागली. ऑलिंपिक पदक आले १ ऑगस्ट २०२४ ला, पॅरिसमध्ये, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य. पदकाच्या नऊ वर्षे आधी पगार! आपल्या जळगावातही जैन इरिगेशनने कॅरम, बुद्धिबळ, क्रिकेटच्या खेळाडूंना आधार देऊन हेच केले आहे. बाजारही आता पैसे देतो, नाही असे नाही. प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली. चंदगडच्या सिद्धार्थ देसाईला २०१८ मध्ये ३६.४ लाख आणि एका मोसमानंतर १.४५ कोटी मिळाले. पण बाजार तयार माल घेतो. पेरणीचा खर्च शेतकऱ्याचाच, हे आपल्याला कपाशीवरून माहीत आहे.

राज्य शासनाच्या नोकऱ्यांत २००५ पासून खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. चांगली गोष्ट. पण तेही पदकानंतरचे, आणि वरच्या पदांसाठी पदकही वरच्या पातळीचे लागते. त्यात खोट्या प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली, आणि तेव्हापासून खरोखर पळणाऱ्या मुलालाही आपला कागद खरा आहे हे पटवून द्यावे लागते.

आता विंगमधल्या त्या गड्याकडे येतो. हा सगळा हिशोब मी त्याला वही उघडून दाखवला. साबळेंचा कर्व्ह त्याने बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "त्यांचा आडवा झालाय. माझा तर अजून उतरतोय." पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर पळायचे असते, वीस गुणांसाठी. ते तो आजही सहज काढेल. पण त्याचे खरे अंतर पाच हजार मीटर, आणि त्यासाठी अजून तीन-चार वर्षे लागतील. घरी तीन एकर कोरडवाहू आणि धाकटी बहीण बारावीला. डिग्री झाल्यावर कंपनीत लागला तर शिफ्टमध्ये पळणार कधी? भरती झाला तर डिग्रीचे काय? मी त्याला सल्ला दिलेला नाही. मला तो देता येत नाही.

सध्या प्रश्न छोटा आहे. राज्य स्पर्धा आणि आमचे टर्मवर्क सबमिशन एकाच आठवड्यात आले आहे. त्याने अर्ज लिहिलाय, मी शुद्धलेखन तपासून दिले. मेसच्या काकांनी न विचारता त्याला रात्री एक ग्लास दूध जास्तीचे सुरू केलेय, बिलात न धरता. अर्जावर अजून दोन सह्या बाकी आहेत.