आधी बॉयलर, मग मोळी : वेब अनुप्रयोगांचा आरंभक्रम

अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवराकाठच्या कोल्हारला साखर हंगाम नवा नाही. येथून जवळच, लोणी परिसरात, पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. हंगामारंभी प्रथम बॉयलर पेटविला जातो. वाफेने पुरेसा दाब धरला, की मगच गव्हाणीत उसाची मोळी पडते. हा क्रम चुकला, तर तोडलेला ऊस गाड्यांत वाळतो आणि उतारा घसरतो.

सातबारा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, दाखले ही कामे आता वेब अनुप्रयोगांद्वारे होतात. त्यांनाही असा हंगामारंभ असतो. सर्व्हर सुरू होताना मांडणीची माहिती वाचणे, माहितीसाठ्याशी जोडणी तपासणे, वारंवार लागणारे तक्ते स्मृतीत भरून ठेवणे ही पूर्वतयारी ज्या आज्ञा करतात, त्यांना आरंभ-आज्ञा म्हणता येईल. त्या केव्हा चालवावयाच्या, हे बहुधा अनुप्रयोगाचा पायाभूत सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क, ठरवितो. प्रत्येक आवृत्तीचा आधारकाल ठरलेला असतो. तो संपल्यावर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून नव्या आवृत्तीकडे जाणे टळत नाही. अडचण उद्भवते ती येथेच.

मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट कोअर या फ्रेमवर्कचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या दुसऱ्या मालिकेत सर्व्हर प्रथम दार उघडी आणि त्यानंतर ‘होस्टेड सर्व्हिस’ या प्रकारातील पूर्वतयारीची कामे सुरू होत. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत नवी होस्ट-व्यवस्था स्वीकारण्यात आली. तीत सर्व्हर स्वतःच अशा कामांपैकी एक झाला आणि ‘स्टार्टअप’ वर्गात नोंदलेली कामे त्याच्या आधी चालू लागली. या कामांच्या आज्ञांतील एकही ओळ न बदलता, कोणतीही चूक न दर्शविता क्रम उलटला.

याचे परिणाम दोन. जुन्या पद्धतीत प्रारंभीच्या काही नागरिकांना अर्धवट भरलेला तक्ता मिळण्याचा संभव होता. तो नव्या पद्धतीत टळला. या दृष्टीने नवा क्रम अधिक रास्त म्हटला पाहिजे. परंतु ज्याची तयारी दहा मिनिटे चालते, त्या अनुप्रयोगाचे दार आता दहा मिनिटे बंदच राहते. देखरेख करणारी यंत्रणा त्यास बंद पडलेला समजून पुन्हा सुरू करते, तयारी पुन्हा पहिल्यापासून होते, आणि सेवा केंद्रावरील रांग जागची हलत नाही. जे काम आरंभीच स्वतःच्या सर्व्हरला विनंती पाठविते, ते तर अपयशीच ठरते. कारण दार अजून उघडलेलेच नसते.

यावर उपाय कामांच्या विभागणीत आहे. ज्यावाचून एकही विनंती नीट हाताळता येणार नाही, तेवढेच काम दारापूर्वी करावे. लांबणारे काम सेवा सुरू झाल्यावर मागे चालू द्यावे. नोव्हेंबर २०२३ च्या डॉट नेट ८ मध्ये कामे सुरू होण्यापूर्वीचा व सर्व सुरू झाल्यानंतरचा, असे स्वतंत्र टप्पे उपलब्ध करून देण्यात आले आहेत. जँगो या पायथन भाषेतील फ्रेमवर्कने २०१४ साली १.७ आवृत्तीत ‘रेडी’ ही जागा अशा तयारीसाठी दिली. मात्र ती व्यवस्थापनाच्या किरकोळ आज्ञा देतानाही चालते. तेथून माहितीसाठ्यात नोंदी करणे अंगाशी येऊ शकते.

नवी आवृत्ती लावण्यापूर्वी चाचणी सर्व्हरवर प्रत्येक पायरीची वेळ नोंदवहीत उमटेल अशी व्यवस्था करावी आणि जुन्या व नव्या आवृत्तीच्या नोंदी शेजारी ठेवून वाचाव्यात. क्रमातील फरक तेथेच दिसतो. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या अखेरच्या आठवड्यात मात्र हे काम काढू नये. कारखान्याची मोठी दुरुस्तीही ऊस संपल्यावरच हाती घेतली जाते.